पूर्वेच्या ख्रिस्तसभा आणि शंभर वर्षांची एक संस्था

(वसईतल्या एका व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वसईकर मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो 'युद्धाच्या धगीत मदत कशी पोचते'. त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. ती कळल्याशिवाय त्या मदतीचं मोल कळत नाही, आणि ती आपल्याला कुणी धड सांगितलेली नाही.

आपण स्वतःला कॅथॉलिक म्हणवतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती रोमची, लॅटिन परंपरेची ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च. प्रत्यक्षात पोपना मानणाऱ्या स्वायत्त ख्रिस्तसभा २४ आहेत. त्यातली एक आपली. उरलेल्या २३ पूर्वेच्या. लेबनॉनची मॅरोनाइट, इराकची खाल्डियन, इजिप्तची कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन, युक्रेनची ग्रीक कॅथॉलिक, आणि आपल्या देशातल्या दोन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार. त्यांची उपासना वेगळी, उपासाचे नियम वेगळे, धर्मकायदाही वेगळा. यातल्या कितीतरी ठिकाणी लग्न झालेला माणूस फादर होऊ शकतो. बघा, हशा पिकलाच! मी हे कुठेही सांगितलं की पिकतो. पण युक्रेनमध्ये सायरन वाजतो तेव्हा फादरांना धर्मग्रामाच्या माणसांबरोबर स्वतःची बायकोमुलंही तळघरात न्यायची असतात, हे लक्षात घ्या.

या ख्रिस्तसभांच्या मदतीसाठी १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी एक संस्था उभी केली, कॅथॉलिक निअर ईस्ट वेल्फेअर असोसिएशन. मुख्यालय न्यूयॉर्कला. तिला आता शंभर वर्षं झाली. तिच्या मुळाशीही निर्वासितच आहेत. १९१५ पासून आर्मेनियन लोकांची कत्तल, १९२२ ला स्मर्ना शहराची आग, पुढच्याच वर्षी लोझानचा करार आणि तुर्कस्तान-ग्रीसमधली लोकसंख्येची अदलाबदल. त्या काळात कॉन्स्टँटिनोपलला जॉर्ज कलावासी नावाचे ग्रीक कॅथॉलिक बिशप होते. त्यांच्या दारात माणसांची रीघ लागली. ब्रिटिश सैन्यात चॅप्लेन, म्हणजे सैनिकांचे फादर, राहिलेले बॅरी-डॉइल अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांच्यासाठी पैसा उभा करत होते. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेमूर मठाचे फादर पॉल वॉटसन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पोपनी हे विखुरलेलं काम एका छत्राखाली आणलं आणि पहिले प्रमुख नेमले एडमंड वॉल्श या जेज्विटांना, म्हणजे येशूसंघातल्या फादरांना. रशियात १९२१-२२ चा भीषण दुष्काळ पडला होता, तेव्हा पोपच्या वतीने तिथली अन्नछत्रं चालवलेला हा माणूस. बोल्शेविक सरकारशी बोलणी करून भुकेल्या तोंडापर्यंत भाकर नेणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

आता माझ्या मनातल्या सलाकडे येतो. ही संस्था पूर्वेच्या लोकांना त्यांच्याच परंपरेत राहून जगायला मदत करते. यात काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. हे किती मोठं आहे ते आपल्या किनाऱ्याला कळायला हवं, कारण याच्या नेमकं उलटं आपल्या किनाऱ्यावरून झालं आहे.

साल १५९७. मलबारचे बिशप मार अब्राहम वारले. संत थॉमसपासून आपला वारसा सांगणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती समाजाला शतकानुशतकं मेसोपोटेमियाहून बिशप येत. त्या परंपरेतले हे शेवटचे. इकडे गोव्याला आर्चबिशप होते आलेइशो द मेनेझिस. वसईही तेव्हा पोर्तुगीजांकडे, आणि आपले पूर्वज त्याच आर्चबिशपांच्या अखत्यारीत. मेनेझिस गलबतात बसून मलबारला गेले आणि जून १५९९ मध्ये कोचीजवळ उदयंपेरूरला त्यांनी धर्मसभा भरवली. तिथल्या फादरांना बायका सोडायला लावल्या. प्रार्थना लॅटिन वळणावर आणल्या. सिरियाक या त्यांच्या उपासनेच्या भाषेतल्या पोथ्या तपासायला मागवल्या आणि पाखंड दिसलं की जाळल्या. त्या पोथ्यांत काय काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मुसलमान सुलतानांनी नव्हे, हिंदू राजांनी नव्हे, आपल्याच धर्माच्या आर्चबिशपांनी हे केलं.

लोकांनी ५४ वर्षं सोसलं. मग पूर्वेकडून आलेल्या अहतल्ला नावाच्या बिशपांना पोर्तुगीजांनी मैलापूरला, आजच्या चेन्नईत, अडकवलं आणि त्यांना बुडवून मारल्याची वदंता मलबारभर पसरली. ३ जानेवारी १६५३ ला कोचीच्या मट्टनचेरीला हजारो माणसं जमली. क्रुसाला हात लावून शपथ घ्यायची, पण एवढे हात पोचणार कसे? म्हणून क्रुसाला दोर बांधले आणि लोकांनी ते दोर धरले. आपल्यावर बसवलेल्या जेज्विटांचं ऐकणार नाही, अशी ती शपथ. त्या ओढीनं क्रूस वाकला असं सांगतात, म्हणून तिला कूनन क्रूस, वाकलेल्या क्रुसाची शपथ म्हणतात. त्यानंतर तो समाज दुभंगला आणि पुढे दुभंगतच गेला.

मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेमानं जात होतो. संतांच्या गोष्टी पाठ होत्या. यातलं एक अक्षर कानावर आलं नाही. आजही आपल्या मुलांच्या कानावर येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मेनेझिसांना दोष देऊन भागत नाही, चारशे वर्षं गप्प बसणारे आपणच आहोत. जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली स्पष्ट सांगितलं की पूर्वेच्या ख्रिस्तसभांनी आपली परंपरा जपावी, सुटली असेल तर पुन्हा धरावी. तो आदेश आपण वाचलाय का?

आणि ही माणसं काही लांब नाहीत. चांद्याला १९६२ पासून सिरो-मलबार मिशन आहे, कल्याणला १९८८ पासून त्यांचा धर्मप्रांत आहे. सिरो-मलंकार बिशपांचं पीठ पुण्याला खडकीत आहे. कल्याणला एका मित्राच्या घरी पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी मी गेलो होतो. तांदळाच्या पिठाचा, न आंबवलेला वाफवलेला अप्पम. त्यावर झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेल्या पात्याचा क्रूस. शेजारी नारळाचं दूध नि गूळ घालून केलेलं 'पाल'. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं प्रार्थना म्हणून अप्पम मोडला आणि वयाच्या क्रमानं एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला. शेवटी धाकट्या नातीला. तिनं दोन्ही हात पुढे केले होते. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं भोजन केरळातल्या स्वयंपाकघरात असं टिकून राहिलंय. उदयंपेरूर होऊनही टिकलंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. छापलेला विषय आता त्यात बसवतो.

मदत पोचते ती तिथल्याच माणसांच्या हातून. न्यूयॉर्कहून माणसं पाठवून तंबू ठोकणं ही या संस्थेची रीत नाही. बैरुत, अम्मान, जेरुसलेम, आदिस अबाबा, आपलं एर्नाकुलम, इथे तिची कार्यालयं आहेत. तिथले बिशप, सिस्टर, धर्मग्राम गरज मांडतात, कार्यालय ती पडताळून पाहतं आणि मग पैसा त्यांच्याकडे जातो. ६ ऑगस्ट २०१४ च्या रात्री इराकमधलं काराकोश रिकामं झालं. 'इसिस' येतेय म्हणताना निनवेच्या मैदानातले लाखभर ख्रिस्ती अंगावरच्या कपड्यांनिशी एर्बिलच्या अंकावा भागात पोचले. त्यांच्याबरोबर तिथल्या डॉमिनिकन सिस्टरही निर्वासित झाल्या, आणि त्याच सिस्टरांनी पुढे अंकावात शाळा आणि दवाखाने चालवले. आजारी माणसाचं नाव, गाव, सासर-माहेर त्यांना आधीच ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या कुठल्या पथकाला हे ठाऊक असणार? (याच एर्बिलमधून महिनाभर आधी, जुलैत, तिक्रितला अडकलेल्या आपल्या ४६ परिचारिका सुखरूप घरी परतल्या होत्या.) इकडे काराकोशच्या अल-ताहिरा चर्चच्या अंगणात 'इसिस'नं नेमबाजीचा सराव केला, प्रार्थनेची पुस्तकं जाळली. त्याच चर्चमध्ये मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले.

दुसरं, मदत घेणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी पोप बारावे पायस यांनी १९४९ साली पॉन्टिफिकल मिशन स्थापन केलं, तेही हीच संस्था सांभाळते. गाझात ख्रिस्ती माणसं युद्धाआधी हजाराच्या आसपास. तिथल्या चर्चेसच्या दवाखान्यांत येणारे रुग्ण जवळजवळ सगळे मुसलमान. पैसा तिथेही जातो.

तिसरं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. ही संस्था सेमिनरीतल्या, म्हणजे फादर व्हायला शिकणाऱ्या, मुलांच्या आणि नवशिक्या सिस्टरांच्या शिक्षणाला पैसे देते, गरीब फादरांना मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, दान पोचवते. याचा फोटो छापून येत नाही. गोण्या वाटतानाचा येतो. पण युक्रेनची ग्रीक कॅथॉलिक ख्रिस्तसभा १९४६ ते १९८९ बेकायदा होती, फादर जंगलात नि बंद खोल्यांत मिस्सा करत. ती मोकळी झाली तेव्हा फादर शिकवून तयार करायला पैसा लागला. त्या काळात घडलेली पिढी उभी होती म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं हल्ला केला तेव्हा क्यीव्हच्या कॅथीड्रलचं तळघर लोकांसाठी उघडं राहिलं आणि त्या ख्रिस्तसभेचे प्रमुख आर्चबिशप शेव्हचुक शहर सोडून गेले नाहीत. इथिओपियाच्या टिग्रेत युद्ध होतं, बँका बंद, फोन बंद. तरी मेकेले नि अदिग्रातच्या सिस्टर जागच्या हलल्या नाहीत, कारण त्यांना दुसरीकडे जायचंच नव्हतं.

एक कबूल करायला हवं. माणसं जातातच. इराकमध्ये २००३ पूर्वी दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती होते, आता अडीच लाखही नसावेत. लेबनॉनमध्ये पौंड कोसळला, ऑगस्ट २०२० मध्ये बैरुतचं बंदर स्फोटात उडालं, आणि शिकलेली पोरं विमानात बसली. त्यांना कोण अडवणार? कुणी थांबावं अशी सक्ती या संस्थेनं करू नये, आणि ती करतही नाही. जो थांबतो त्याच्या मुलाला शाळा असावी, म्हातारीला औषध मिळावं, एवढंच ती बघते. माझ्या मते तेच बरोबर आहे.

आर्मेनियाचं राहिलं. ग्युमरीला १९८८ चा भूकंप झाला तेव्हापासूनची ती कहाणी आहे, २०२३ मध्ये शेजारच्या काराबाखहून लाखभर माणसं आली तिथपर्यंतची. वेळ संपली, चहाच्या वेळी ज्यांना ऐकायचंय त्यांनी मला गाठा. आणि पुढच्या पवित्र गुरुवारी कल्याणला कुणाला यायचं असेल तर आजच नाव सांगा, मी मित्राला विचारून ठेवतो.