शित कुठलं उचलायचं?

(मंडळाच्या शरद मेळाव्यातलं भाषण. माइकची खरखर आणि मधले हशे वगळले आहेत.)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्य, साठवण आणि हस्तकला' असं छापलंय. समितीला तीन वेगळे वक्ते मिळाले नसावेत. पण पानं पिवळी पडायला लागली की माझ्या घरी हे तिन्ही विषय खरोखरच एका टेबलावर येतात. एका कोपऱ्यात बीपीचं मशीन, मध्ये धुऊन उपड्या घातलेल्या काचेच्या बरण्या आणि शेजारच्या खुर्चीवर गेल्या वर्षीचा अर्धवट स्वेटर. उन्हाळाभर आपण बाहेर हिंडतो. दिवस आखडला की घरात येतो, आणि मग राहून गेलेलं सगळं दिसायला लागतं.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. तिथे दिवसभर एकच उद्योग. माणसाच्या अंगातल्या पाचएक लिटर रक्तातलं दोन-तीन मिलिलिटर काढायचं आणि त्यावरून उरलेल्याबद्दल बोलायचं. शितावरून भाताची परीक्षा, तीही पगार घेऊन. पण या म्हणीत एक गोष्ट आपण गृहीत धरतो, की भात सगळीकडे सारखाच शिजलाय. तसा नसला की शित फसवतं. लॅबमधली निम्मी अक्कल म्हणजे कुठलं शित उचलायचं आणि कुठल्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे कळणं. आज तेवढंच बोलणार आहे.

आधी शित खरं बोलतं ती जागा. जॅम. पातेल्यात फळ आणि साखर रटरटतेय, आणि झालं की नाही हे कळत नाही, कारण गरम जॅम नेहमी पातळच दिसतो. म्हणून एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवायची. तिच्यावर थेंबभर जॅम टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने हळूच ढकलायचं. वर सुरकुती पडली तर झाला. ओघळला तर अजून थोडं. थर्मामीटर असेल तर तो साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअस दाखवतो. एक सांगते, थेंब तपासताना गॅस बंद करा. मी एकदा बशीकडे कौतुकाने बघत बसले आणि तेवढ्यात पातेल्यात जॅमची टॉफी झाली. चमचा उभा राहायचा त्यात.

आता फसवणारी जागा. इथे मी जरा वेळ घेणार आहे, समितीने घड्याळ दाखवलं तरी.

मागे आपल्यातल्याच एका ताईंनी फरसबी उकळून, मिठाच्या पाण्यात घालून, बरण्यांची झाकणं गच्च लावून कपाटात ठेवली होती. बरण्या दिसायला इतक्या सुरेख की फोटो काढावा. महिन्याने त्यांनी एक उघडली आणि मला म्हणाल्या, "थांब गं, जरा चाखून बघते, बिघडली असली तर कळेलच." मी चमचा हातातून काढून घेतला. त्या रागावल्या. आठवडाभर बोलल्या नाहीत.

चाखून कळत नाही, हाच तर घोळ आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशाला, मरत नाहीत. त्यांना वाढायला लागतं काय? हवा नको, ओल हवी, आंबटपणा कमी हवा. म्हणजे झाकण घट्ट लावलेली फरसबीची बरणी हे त्यांना सजवून दिलेलं घरच. तिथे ते जे विष तयार करतात त्याला बरेचदा वास नसतो, चव नसते, झाकणही फुगतंच असं नाही. आणि ते इतकं जहाल की चाखण्यापुरता घासही पुरतो.

म्हणून साठवणीत सगळा हिशेब आंबटपणाचा. पीएच ४.६ च्या खाली असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर हा जिवाणू वाढत नाही. बहुतेक फळं, व्हिनेगरमधली लोणची या बाजूला येतात. त्यांच्या बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून सील केल्या तर चालतं. फरसबी, मका, मटार, गाजर त्या बाजूला. त्यांना ११६ ते १२१ अंश लागतात, आणि त्यासाठी प्रेशर कॅनर लागतो, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं. आता कुजबुज ऐकू येतेय मला, "आपला कुकर आहे की." नाही. कुकर लहान असतो, लवकर तापतो आणि लवकर निवतो. बरण्यांसाठी दिलेल्या वेळा कॅनरच्या तापण्या-निवण्याचा वेळ धरून ठरवलेल्या असतात. तेव्हा कॅनर नसेल तर सरळ फ्रीझर. शेंगा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पिशवीत. ताईंना मी तेच शिकवलं, बोलायला लागल्यावर.

टोमॅटो मात्र सीमेवर उभा असतो. काही जाती ४.६ च्या अलीकडे, काही पलीकडे, आणि जिभेला फरक लागत नाही, कारण गोडी आंबटपणा झाकते. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायचा, आणि तोही बाटलीतला. ताज्या लिंबाचा अपमान नाही हा. पण एक लिंबू दुसऱ्यासारखं नसतं. बाटलीवर आंबटपणा ठरवून दिलेला असतो. आणि तेलात बुडवलेला कच्चा लसूण कपाटात ठेवू नका. फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचा.

गंमत म्हणजे बरणीत अन्न टिकवण्याची पद्धत आधी आली आणि ती का चालते हे नंतर कळलं. निकोलस अपेर या फ्रेंच हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं मारून, उकळून दाखवलं. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. त्याला जंतू माहीत नव्हते. ते नीट समजावून सांगणाऱ्या पाश्चरचा जन्मच १८२२ चा. आपल्याला कारण माहीत असूनही आपण चाखून बघतो, याला काय म्हणायचं?

आता तपासण्या. एक जुनी खोड सांगते, हात वर करायला लावणार नाही. तपासणीची तारीख ठरली की आधीचे चार दिवस गोड बंद, रात्री चालणं सुरू. मग उपाशीपोटीची साखर छान येते आणि आपण स्वतःवर खूश. ते शित त्या एका सकाळचं असतं. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगते, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यावर साखर चिकटत राहते. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ६.५ आणि वर मधुमेह, मधलं उंबरठ्यावरचं. चार दिवसांच्या उपासाने ती हलत नाही. पण लोह कमी असेल किंवा नुकतंच रक्त दिलं असेल तर हा आकडाही वाकडा येऊ शकतो. डॉक्टरांना तसं आपणहून सांगायचं.

बीपी तर सगळ्यात चंचल शित. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे या दिवसांत ते थोडं चढतंच. त्यात आपण जिना चढून येतो, एका पायावर दुसरा टाकून बसतो, बाही तशीच ठेवतो आणि पट्टा फुगत असताना नर्सला घरचं सगळं सांगतो. नुसत्या बोलण्याने दहाएक अंकांचा फरक पडतो. घरी मोजायचं असेल तर सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीची सरासरी काढायची. ती १३५/८५ च्या पुढे गेली तर कागद घेऊन डॉक्टरांकडे.

फ्लूच्या लशीबद्दल एवढंच, की ती अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. शेजारी खोकायला लागल्यावर धावण्यात अर्थ नाही.

राहिला स्वेटर. विणकाम करणाऱ्यांना माहीत आहे, आधी नमुन्याचा चौकोन विणायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. पुस्तकात २२ टाके आणि तुमचे २० भरले, तर २२० टाक्यांची छाती १०० ऐवजी ११० सेंटिमीटरची होते. मी मोजले होते. बरोब्बर २२. एवढी शहाणी मी, पण चौकोन धुतला नाही. लोकर मशीनमध्ये धुता येणारी होती, आणि तसली लोकर भिजली की सैल पडते. पहिल्या धुण्यानंतर ह्यांचा स्वेटर गुडघ्यापर्यंत आला. हे काही बोलले नाहीत. आता अंथरुणातून उठल्यावर गाऊनसारखा घालतात. खुर्चीवरचा अर्धवट आहे तो दुसरा. त्याचा चौकोन धुऊन, वाळवून, दोनदा मोजून ठेवलाय. म्हणूनच तर पुढे सरकत नाही.

त्याच पिशवीतली टेप आणखी एका कामाला येते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर धरायची, श्वास सहज सोडल्यावर मोजायचं. आपल्या दक्षिण आशियाई बांध्यासाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही खूण धरतात. पोट आत ओढलेलं शित चालणार नाही, काका, मी बघतेय.

आणि सुईत दोरा ओवताना हात लांब जायला लागला असेल तर चाळिशी लागलीय. दिव्याला दोष देऊ नका, डोळे तपासून घ्या.

मागच्या टेबलावर मशीन आणि टेप ठेवलीय. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं एक अक्षर न बोलता बसायचं आहे. इतकी मराठी माणसं एका दालनात असताना हे कसं जमायचं, ते मला ठाऊक नाही. म्हणून दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्यात. चहा मिळेल तो बीपी मोजून झाल्यावर. आधी कोणी घेतला असेल तर अर्ध्या तासाने या.