खोली मिळाली, आता काम

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीत बेघर माणसांबरोबर मी काही वर्षं काम करते आहे. एसटी स्टँडवर, बंदरावर, दुकानांच्या पायऱ्यांवर रात्री काढलेलं माणूस एक दिवस भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटतं, तेव्हा आम्हाला हायसं वाटतं. पण खरी काळजी तिथून सुरू होते. भाडं दर महिन्याला ठरलेलं, काम मात्र ठरलेलं नाही.

एका मावशींचं सांगते. मिरकरवाडा बंदरावर त्या मासळी निवडायच्या. खोली एवढीशी, कोपऱ्यात स्टो, भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्ड, तेही सासरच्या गावच्या पत्त्याचं. त्या गावात त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागल्या की निवडायला मासळी नाही. आंब्याच्या पेट्या भरण्याचं काम तर त्याआधीच आटोपलेलं. म्हणजे पाऊस कोसळत असतो, डोक्यावर छप्पर सगळ्यात जास्त लागतं, आणि नेमकी तेव्हाच कनवटीला दमडी नसते. खोली सुटते ती याच दिवसांत.

मावशींना एका खाणावळीत बारमाही काम मिळत होतं. मालकांनी राहत्या पत्त्याचा कागद मागितला. घरमालक म्हणाले, "कागद कशाला? माझा विश्वास आहे की तुमच्यावर." माणूस चांगला होता, पण विश्वास काही झेरॉक्स काढून देता येत नाही. घरमालक श्रोत्यांनो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाचीच आहे. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. तुमच्यासाठी ती एका दुपारची खटपट, भाडेकरूसाठी तोच कामावर रुजू व्हायचा कागद.

करार झाला, मावशी कामाला लागल्या. तरी एक अडचण उरलीच. पगार महिना भरल्यावर, आणि भाडं एक तारखेला! दिवसभर भांडी घासून रात्री वडापाववर झोपायचं, की पुन्हा बंदरावर रोजंदारी शोधायची? कितीतरी जण या पहिल्या महिन्यातच काम सोडतात, आणि आपण खुशाल म्हणतो, यांना टिकून राहायचंच नाही. मला हे ऐकवत नाही. खाणावळीच्या मालकांनी पहिले दोन महिने दर शनिवारी हिशेब चुकता केला. त्यांचा जास्तीचा एक रुपयाही गेला नाही. मावशी अजून तिथंच आहेत, आता पोळ्यांचं त्याच बघतात.

हॉटेलवाले, बागायतदार, दुकानदार, तुम्हा सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या माणसाला सुरुवातीला आठवड्याला पैसे द्या. आणि मे अखेरीस शेवटची पेटी बांधून झाली की हिशेब हातावर ठेवताना समोरच्या बाईला एवढं विचारा, "जूनमध्ये काय करणार गो?" तुमच्या ओळखीत कुणाला माणूस हवा असेल, तर तिथल्या तिथे फोन लावा.

नमस्कार.