रापण ओढताना नाही, झोपल्यावर

मालवणचा दांडी किनारा, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलीय, दोन्हीकडून माणसं दोर ओढतायत, आणि त्या रांगेत मागून चौथा जो आहे ना, टोपीवाला, वय २९, त्याची कंबर दोन वर्षं दुखतेय. बघणारा म्हणेल, दुखणारच की, एवढा दोर ओढतोय. घरचेही तेच म्हणाले, उसण भरली असेल, मग निर्गुडीचा पाला बांधला, शेक दिला, तेल चोळलं. पण तो काय सांगतो ते ऐका: "रापण वढताना कायेक नाय. रात्री दोन-तीनाक कंबर धरता, मगे उठान पडवेत फेऱ्या मारतंय, तेवा बरा वाटता."

डॉक्टरने इथेच थांबून ऐकायला हवं होतं. काम केलं की दुखते आणि आडवं पडलं की थांबते ती कंबर वेगळी. आराम केला की आखडते, हालचाल केली की सुटते, ते दुखणं बहुतेक सुजेचं. ४० च्या आत, हळूहळू, पडल्या-आपटल्याशिवाय सुरू होतं, ३ महिन्यांच्या वर टिकतं, सकाळी अर्धा तास तरी पाठ लाकडासारखी, कधी या कुल्ल्यात तर कधी त्या. पावसाळ्यात दर्या खवळलेला, रापण बंद, हा घरीच बसून, आणि नेमका तेव्हाच जास्त त्रास.

आणि एक गोष्ट त्याने हाडांच्या डॉक्टरला सांगितलीच नव्हती, कारण कोणी विचारलंच नाही. चार वर्षांपूर्वी शौचातून रक्त जायला लागलं, दुर्बिणीने तपासलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. पोटाचा डॉक्टर वेगळा, कंबरेचा वेगळा, फाईलपण वेगळी, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. कोलायटिस असो की क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, त्यात मणक्याला सूज येऊ शकते, अगदी पोट शांत असतानाही. मध्ये कंबरेसाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेतली, कंबर मोकळी झाली पण रक्त परत सुरू. या गोळ्यांनी आतडं बिघडू शकतं, म्हणून पोटाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत.

तपासण्या पण चकवतात. एक्स-रे काही वर्षं नॉर्मल येऊ शकतो. सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची खूण, वाढला तर तो पोटामुळे की कंबरेमुळे, कळत नाही. एचएलए-बी२७, या दुखण्याशी जोडलेला जनुक, निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं नाही, आतड्याच्या आजारासोबतच्या मणक्याच्या सुजेत तो बऱ्याचदा निगेटिव्हच असतो. याचा आधी कंबरेचा एमआरआय झाला, त्यात मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसली आणि सगळे त्याच्याच मागे लागले. बघायचे होते सॅक्रोइलियाक सांधे, पाठीला खाली दोन खळगे दिसतात ना, त्यांच्या आतले. शेवटी सांधेवातवाल्या डॉक्टरबाईंनी त्या सांध्यांचा एमआरआय सांगितला आणि दोन्हीकडे हाडात सूज दिसली.

त्याआधी बाईंनी दोन शंका काढून टाकल्या, पोटासाठी खाल्लेल्या स्टेरॉइडने हाड ठिसूळ होऊन मणका तर चेपला नाही ना, आणि मणक्याचा टीबी तर नाही ना, कारण आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही. आता सूज आवरणारं इंजेक्शन सुरू करायचं तरी दडलेल्या टीबीची तपासणी आधी, आणि औषध असं हवं की कंबर आणि आतडं दोघांना चालेल: अशा इंजेक्शनांपैकी अडालिमुमॅब चालतं, इटानरसेप्ट आतड्याला उपयोगाचं नाही. ते ठरवायला दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, दोन वर्षांत पहिल्यांदाच.