गळ्यातली गाठ: कॅन्सर की साधी?

(पडद्यावर: पाणी पिणाऱ्या व्यक्तीचा गळा, अगदी जवळून)

घोट गिळला की गळ्याच्या खालच्या भागातला हा उंचवटा वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला धरून असते, म्हणून तिच्यातली गाठही गिळताना हलते. बहुतेकांना मात्र गाठ दिसतही नाही, हाताला लागतही नाही. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते आणि झोप उडते. याचा पुढे कॅन्सर होईल का?

साध्या गाठीचा कॅन्सर होणं फार क्वचित घडतं. गाठ कॅन्सरची असली, तर बहुधा सुरुवातीपासूनच तशी असते. त्यामुळे ती कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखणं महत्त्वाचं. तपासलेल्या 100 गाठींपैकी 85 ते 95 साध्याच निघतात.

(पडद्यावर: सोनोग्राफीचं चित्र)

आजूबाजूपेक्षा काळपट, कडा वेड्यावाकड्या, आत कॅल्शियमचे बारीक पांढरे ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त, अशी गाठ दिसली की डॉक्टर थबकतात. नुसतं पाणी भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार असेल तर धास्ती नाही. संशय असला की बारीक सुईने पेशी काढून काचेवर पसरतात. रिपोर्ट सहा गटांत येतो. दुसरा गट साधा, सहावा कॅन्सरचा. तिसरा आणि चौथा अधांतरी ठेवणारे, आणि रुग्णाला सर्वांत जास्त छळतात ते हेच.

गाठ झपाट्याने वाढली, आवाज घोगरा झाला, मानेत आणखी गाठी लागल्या, लहानपणी मानेला किरणोत्सर्ग झाला असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर तपासणी लांबवू नये.

पण लक्षण नसताना सरसकट शोधत सुटणंही महागात पडतं. दक्षिण कोरियात 1999 नंतर आरोग्य तपासणीबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. 2011 पर्यंत या कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांची ग्रंथी काढली गेली, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या.

जपानमध्ये कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलने 1993 पासून वेगळी वाट धरली. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची चिन्हं नसलेल्या पॅपिलरी कॅन्सरवर, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारावर, लगेच शस्त्रक्रिया न करता ते नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवू लागले. 10 वर्षांत साधारण 8 टक्के रुग्णांची गाठ 3 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली. गाठ वाढली तरी तेव्हा शस्त्रक्रिया करायला उशीर झालेला नव्हता.