दिव्यातला माइक आणि १९४०ची निवडणूक
(साताऱ्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. एवढा पाऊस असून आलात, बरं वाटलं. आपल्याकडे साखर कारखान्याची निवडणूक लागली तरी ऑडिओ क्लिप फिरायला लागते, आणि नेत्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग म्हटलं की सगळ्यांना निक्सनच आठवतो. पण मी आज त्याच्याही तीस वर्षं आधीचं सांगणार आहे, फ्रँकलिन रूझवेल्टचं, आणि यातही रेकॉर्डिंग करणारा स्वतः अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच आहे.

झालं असं की १९३९च्या सुरुवातीला रूझवेल्ट काही सिनेटर लोकांशी बंद दाराआड बोलले, आणि बाहेर बातमी आली की ते म्हणाले अमेरिकेची सरहद्द ऱ्हाईन नदीवर, म्हणजे थेट युरोपात आहे. रूझवेल्ट म्हणाले मी असं बोललोच नाही. पण पुरावा कुठाय? मग १९४०मध्ये ओव्हल ऑफिसच्या खाली तळघरात मशीन बसवलं, टेबलावरच्या दिव्यात माइक लपवला, म्हणजे पुन्हा कुणी तोंडी शब्द घातले तर पुरावा हाताशी. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४० एवढाच काळ हे चाललं, आणि तो नेमका तिसऱ्या टर्मच्या प्रचाराचा काळ होता. रेकॉर्ड करायच्या होत्या मुख्यतः पत्रकार परिषदा, पण मधे मधे खाजगी बोलणंही त्यात आलं. एका ठिकाणी रूझवेल्ट विरोधी उमेदवार विल्कीच्या बाईच्या भानगडीबद्दल बोलतायत, आणि सांगतायत की आपल्या मोठ्या नेत्यांनी हे बोलायचं नाही, खालच्या लोकांनी पसरवलं तर चालेल. लोक हाच तुकडा चवीने ऐकतात, मला त्यात फार रस नाही.

मला थांबायचंय ते २७ सप्टेंबरच्या बैठकीपाशी. रेल्वेतल्या कृष्णवर्णीय पोर्टर लोकांच्या युनियनचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे वॉल्टर व्हाइट आणि तशाच अर्बन लीग संघटनेचे आर्नॉल्ड हिल, असे तिघं भेटायला आलेत. मागणी साधी आहे, युद्ध दारात आलंय, सैन्यभरती सुरू होतेय, तर आमच्या लोकांना सैन्यात बरोबरीची जागा द्या, त्यांना वाटतं की आपण तिथे कुणाला नकोच आहोत. रूझवेल्ट अगदी मोकळेपणाने बोलतात, म्हणतात आता तुमच्या लोकांना नुसत्या हमालीच्या कामाला लावणार नाही, लढणाऱ्या तुकड्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात घेतोय. नौदलाचा विषय निघाला की मंत्री नॉक्स अडचण सांगतात, जहाजावर सगळे एकत्र राहतात म्हणून, आणि रूझवेल्ट सुचवतात की निदान जहाजांवर कृष्णवर्णीयांचा बँड तरी ठेवता येईल. बँड! हक्क मागायला आलेल्या माणसाला हे ऐकवलं जातंय, आणि तेही गोड आवाजात, हे ऐकताना मला अजून त्रास होतो.

आणि साताऱ्यात बसून हे ऐकताना आपले कान टवकारायलाच पाहिजेत, कारण सैन्याचं दार बंद होणं म्हणजे काय हे या गावाला माहितीय. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्त झाल्यावर काही वर्षं इथे राहिले, बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९००ला इथल्या शाळेत दाखल झालं, आणि त्याच्या आधीच १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती थांबवली होती. ज्यांच्या घराण्यात सैन्याची नोकरी होती त्यांच्या पोरांना सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही. ती भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी रेटा लावला, आणि ऑक्टोबर १९४१मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे रँडॉल्फ तिकडे जे मागत होते तेच इकडे मागितलं जात होतं, त्याच महायुद्धात.

बरं, तिकडे अमेरिकेत पुढे काय झालं? ९ ऑक्टोबर १९४०ला व्हाइट हाउसचं निवेदन आलं, की गोरे आणि कृष्णवर्णीय शिपाई एका रेजिमेंटमध्ये ठेवायचे नाहीत हेच धोरण चालू राहणार. वर असं भासवलं गेलं की या नेत्यांची त्याला संमती आहे. ते तिघं भडकले, जाहीर निषेध केला. मतदान ५ नोव्हेंबरला, मतं हातची जातील ही भीती, मग २५ ऑक्टोबरला बेंजामिन डेव्हिस यांना ब्रिगेडियर जनरल केलं, अमेरिकन सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय जनरल. रूझवेल्ट राज्यवार मोजल्या जाणाऱ्या इलेक्टोरल मतांत ४४९ विरुद्ध ८२ असे जिंकले. डेव्हिसना ती बढती मिळणं योग्यच होतं, पण तिघांनी मागितलं होतं ते एका माणसाच्या बढतीने मिटणारं नव्हतं. रँडॉल्फनी पुढच्या वर्षी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला तेव्हा कुठे जून १९४१मध्ये संरक्षण कारखान्यांतल्या नोकऱ्यांमधला भेदभाव बंद करायचा हुकूम निघाला, आणि सैन्याचा प्रश्न १९४८पर्यंत, राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या सैन्यातला भेदभाव बंद करायच्या आदेशापर्यंत तसाच लोंबकळत राहिला.

ही रेकॉर्डिंग्ज १९७८मध्ये एका इतिहासकाराला हाइड पार्कच्या रूझवेल्ट लायब्ररीत सापडली. आवाज खरखरीत आहे, मधे कुणीतरी टेबलावर वस्तू आपटतं, पण रँडॉल्फचा आवाज ओळखू येतो, तो कुठेही चढत नाही. त्या बैठकीचा थोडा भाग आणलाय, तो आता लावतो, मग तुमचे प्रश्न घेऊ.