कुकरमधलं हाड कामाचं नाही

श्रोतेहो, नमस्कार. आज विषय आहे हाडापासून बाइंडरचं हत्यार, म्हणजे कागदाच्या घड्या दाबायची पट्टी, कसं करायचं. आणि पहिलीच गोष्ट सांगून ठेवतो, कुकरमधलं हाड कामाचं नाही. रश्श्यात पडायच्या आधीच नळी बाजूला काढायची.

आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत एक बाइंडर मामा होते. शाहूपुरीतल्या गूळव्यापाऱ्यांच्या रोजकीर्दी, खतावण्या बांधायचे. आता त्या लाल कापडी वह्या गेल्या, सगळा हिशोब मोबाइलमध्ये. बॅटरी संपली की व्यापारी आभाळाकडं बघत बसतो, ते असो. तर आखाडात गल्लीचं पाणी पी-ढबाकच्या, म्हणजे पिपाणी-ढोलाच्या तालावर त्र्यंबोली देवीला वाहायला गेलं, गल्लीत बकरं पडलं. मामा पिशवी घेऊन आचाऱ्यासमोर हजर. आचारी म्हणाला, "मामा, कच्च्या नळ्या घेऊन काय करताय? थांबा की, शिजवून देतो." मामा म्हणाले, "शिजवलेल्या तुम्ही ओढा."

मग त्या नळ्या साबणाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत, गॅलरीच्या कठड्यावर. समोरच्या आक्कांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, मामा करणी करतोय! पोरांना तिकडं फिरकायची बंदी. दूधवाला पिशवी उंबऱ्यावर ठेवून पळायचा. शेवटी आक्कांनीच खालून हटकलं, "काय वो मामा, बरणीत काय हाय?"

मामा म्हणाले, "साबण."

खोटं काही नव्हतं त्यात! पण आक्का पदर सावरून घरात.

पुढं आक्कांच्या सासूबाईंची पोथी सुटली. पानं हातात यायला लागली. लाल फडक्यात गुंडाळून आक्का मामांच्या दारात आल्या, पण आत पाय टाकेनात. मामा एका पांढऱ्या, बोटभर रुंद पट्टीनं खतावणीच्या घड्या दाबत होते. आक्का म्हणाल्या, "हे बरणीतलं?"

"होय."

"मग माझी पोथी राहू दे."

मामांनी खणातून दुसरी पट्टी काढली, बांबूची. म्हणाले, "पोथीला ही. पोथीला हाड लावत नाही मी, आक्का." आक्का आत येऊन बसल्या. जरा वेळानं त्यांनीच हात पुढं केला, "बघू ती दुसरी." रद्दी कागदाची घडी घालून पट्टी फिरवली. घडी अशी बसली की आक्का मामांकडं बघतच राहिल्या. पुढच्या आखाडात नळ्या बाजूला काढा म्हणून आचाऱ्याला दटावायला कोण गेलं असेल? आक्काच!

आता कृती. वेळ थोडाच उरलाय.

हाडात ढोबळमानानं दोन भाग खनिज आणि एक भाग कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन. कुकरच्या शिट्ट्यांत ते कोलॅजन सुटून रश्श्यात उतरतं. हाड खडूसारखं ठिसूळ होतं. म्हणून पुन्हा सांगतो, कुकर नको. कच्चं हाड सुरीनं खरवडा, मंद आचेवर, पाण्याला खळखळ उकळी न आणता ठेवा. मांस सुटलं की टोकं करवतीनं कापून तारेनं मगज काढा. मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून भिजत ठेवा. पाणी बदलत राहा. वर तेलाचा तवंग येतोय तोवर बदलायचं. चरबी राहिली तर हाड पुढं पिवळं पडतं आणि वास मारतं.

पांढरं करायला मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो. ब्लीचिंग पावडर मात्र नको, ती हाड खाते. मग सावलीत वाळवायचं, उन्हात तडकतं.

उभं चिरून पट्टी काढा. पॉलिशपेपर १२० नंबरपासून ८०० पर्यंत, आणि घासताना पाणी हवंच. कोरडी हाडाची पूड छातीत जाऊ देऊ नका, तोंडाला मास्क लावा. कडा गोल करा, नाहीतर कागद चिरेल.

एवढा उपद्व्याप कशाला? तर धातूची पट्टी कागदावर काळा डाग सोडते, हाड सोडत नाही. फ्रान्समध्ये जनावरांच्या बरगडीची अशीच हत्यारं सापडली. निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या आदिमानवांनी साधारण ५०,००० वर्षांपूर्वी बहुधा कातडी गुळगुळीत करायला वापरलेली. २०१३ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं.

पट्टी कागदासाठी असेल तर तिला तेल लावू नका. चामड्यासाठी हवी असेल तर दुसरी करा, कागदाची वेगळी ठेवा. नमस्कार.