विरोधी बाकावरची शस्त्रसंधी

[दृश्य: लंडन. संसदेबाहेर पॅलेस्टिनी झेंडे घेतलेली गर्दी.]

१५ नोव्हेंबर २०२३. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात राजाच्या अभिभाषणावरची चर्चा संपत आली आहे. स्कॉटिश नॅशनल पार्टीची एक दुरुस्ती मताला टाकली जाते: गाझात सर्वांनी तत्काळ शस्त्रसंधी करावी. ती पडणार, हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक आहे. १२५ विरुद्ध २९३ मतांनी ती पडते. पण त्या १२५ मध्ये मजूर पक्षाचे ५६ खासदार आहेत. या दुरुस्तीवर मतच द्यायचं नाही, असा त्यांना पक्षादेश होता. जेस फिलिप्स यांच्यासह अनेकांना त्या रात्री पक्षातली पदं सोडावी लागली.

पक्षादेश होता मजूर पक्षाचे प्रमुख आणि तेव्हाचे विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांचा. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हमासच्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली होती, ओलीस अजून गाझात होते. ३१ ऑक्टोबरला चॅटम हाउस या परराष्ट्र धोरणाच्या अभ्याससंस्थेतल्या भाषणात त्यांनी मांडलं की, आत्ताच शस्त्रसंधी झाली तर पुन्हा हल्ला करण्याची हमासची ताकद शाबूत राहील; म्हणून हवा तो मदत पोहोचवण्यापुरता विराम. पंतप्रधान ऋषी सुनक यांचं हुजूर पक्षाचं सरकारही हेच म्हणत होतं आणि वॉशिंग्टनही. वर्षभरात पंतप्रधान व्हायची शक्यता असलेला माणूस अमेरिकेपासून फटकून बोलायला धजत नव्हता, असंही म्हणता येईल.

त्यांच्याच पक्षाचे लंडनचे महापौर सादिक खान आणि मँचेस्टरचे अँडी बर्नहॅम मात्र त्याआधीच शस्त्रसंधीची मागणी करून मोकळे झाले होते.

[दृश्य: कॉमन्समधली विरोधी बाकं.]

विरोधी पक्षाच्या मागणीने तोफा थांबत नाहीत, हे खरंच. १९ जानेवारी २०२५ ला गाझात जी शस्त्रसंधी लागू झाली, तिच्यामागे कतार, इजिप्त आणि अमेरिका होती. मार्चमध्ये तीही मोडली. मग मागणी करायचीच कशाला? कारण विरोधी पक्षाकडे ना फौज असते, ना राजदूत, ना शस्त्रनिर्यातीचे परवाने रोखण्याचा अधिकार. सरकारला आपल्या प्रत्येक शब्दाची परराष्ट्रात किंमत मोजावी लागते, म्हणून ते जपून बोलतं. विरोधकांनीही तेवढंच जपून बोलायचं ठरवलं, तर रस्त्यावर उतरलेल्या लाखोंचं म्हणणं सभागृहात मांडायचं कोणी? आमच्या मते स्टार्मर इथे चुकले. सत्ता मिळण्याआधीच ते सत्ताधाऱ्यांसारखे बोलू लागले.

आपल्याकडे काँग्रेस कार्यसमितीने ९ ऑक्टोबर २०२३ लाच तत्काळ शस्त्रसंधीचा ठराव केला होता. भाजपने त्यावर टीकेची झोड उठवली. पण आपल्याकडची मतपेटी त्याने फारशी हलली नाही. ब्रिटनमध्ये ती हलली.

[दृश्य: सभापतींचं आसन, सभागृहातला गोंधळ.]

२१ फेब्रुवारी २०२४. पुन्हा स्कॉटिश नॅशनल पार्टीचाच प्रस्ताव. या वेळी मजूर पक्षाने ‘तत्काळ मानवतावादी शस्त्रसंधी’ म्हणणारी स्वतःची दुरुस्ती आणली. सभापती लिंडसे हॉयल यांनी प्रथा मोडून ती मताला घ्यायचं ठरवलं. सत्ताधारी हुजूर पक्षाने अंग काढून घेतलं, स्कॉटिश खासदारांनी सभात्याग केला, दुरुस्ती मतविभाजनाविना मंजूर झाली आणि सभापतींना माफी मागावी लागली. गाझातल्या मृत्यूंवर बोलायला बसलेलं सभागृह कामकाजाच्या नियमांवरच भांडत राहिलं.

[दृश्य: ४ जुलै २०२४, मतमोजणी.]

मजूर पक्षाला चारशेहून जास्त जागा. प्रचंड विजय. पण लेस्टर साउथमध्ये जोनाथन अ‍ॅशवर्थ, म्हणजे निश्चित मंत्री होणारे गृहस्थ, गाझाचा मुद्दा घेऊन लढलेल्या शौकत अ‍ॅडम यांच्याकडून ९७९ मतांनी हरले. ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार आणि ड्यूसबरी अँड बॅटली या जागाही अपक्षांनी घेतल्या. वेस स्ट्रीटिंग यांनी इलफर्ड नॉर्थ कशीबशी राखली, ५२८ मतांनी.

आणि जेस फिलिप्स? शस्त्रसंधीसाठी पद सोडलेल्या या बाईंनाही बर्मिंगहॅम यार्डलीत घाम फुटला. मताधिक्य अवघं ६९३. विजयाचं भाषण त्यांना घोषणा आणि हुर्योच्या गदारोळातच करावं लागलं. मतदारांचा राग पक्षावर होता, आणि त्यांच्या नावापुढे पक्षाचं नाव तसंच होतं.